रुमाल जेवत नाही

एकोणीस दिवस झाले होते. रुमालानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मिस्तरी रोज सकाळी कामावर जाण्याआधी मागच्या खोलीत काचेला नाक टेकवून उभा राहायचा. हातात हातभर लांब चिमटा, चिमट्यात सोललेली कोळंबी. रुसलेल्या पोरापुढे घास फिरवावा तसा तो चिमटा रुमालापुढून डावीकडून उजवीकडे न्यायचा, मग उजवीकडून डावीकडे. रुमाल वाळूत पडून राहायचा. डोळ्यांमागची दोन भोकं तेवढी उघडझाप करायची, म्हणजे जिवंत आहे एवढं कळायचं. मग मिस्तरी कोळंबी काढून घ्यायचा, कारण ती टाकीत राहिली तर सडते, सडली की पाणी बिघडतं, आणि पाणी बिघडलं की घरातलं सगळंच बिघडतं, बायकोच्या मूडसकट.

रुमाल हे पाकटाचं नाव. पाकट म्हणजे समुद्रातला तो चपटा मासा: अंग ताटासारखं, शेपूट चाबकासारखी, शेपटीत विषारी काटा. घरात आला तेव्हा दोन तळहात जोडले की त्यात मावेल एवढा होता. मिस्तरीची बायको शिवणकाम करते. तिनं पहिल्या दिवशी वाकून बघितलं आणि म्हणाली, हा तर नुसता रुमाल आहे, कडा दुमडायच्या राहिल्यात. तेच नाव पडलं. दीड वर्षात रुमालाचा टॉवेल झाला. याची चादर व्हायच्या आत आपण दोघांनी भाड्याची खोली बघायची का, असं ती अलीकडे विचारायला लागली होती, आणि विचारताना हसत नव्हती.

मिस्तरीला सगळे मिस्तरीच म्हणायचे. बायकोही एरवी ‘अहो’ म्हणायची, रागावली की मिस्तरी. तीस वर्षं नळाचं काम. बापाचंही तेच. या माणसानं आख्ख्या गावाची घरं बघितली, पण सगळी खालून. बेसिनची खालची बाजू, टबाची खालची बाजू, ओट्याखालचा तो कोंदट अंधार जिथे घरमालकीण स्वतः कधी डोकावत नाही. वरून संगमरवर आणि खालून झुरळं, हे त्याला इतकं पाठ होतं की एखाद्याच्या घराचं कौतुक ऐकलं की तो नुसता ‘हं’ म्हणायचा.

मग एकदा गावातल्या मत्स्यालयात पाइप गळतोय म्हणून बोलावणं आलं. तिथे एक टाकी आहे काचेच्या तळाची, खाली पोकळी, माणूस पाठीवर झोपून आत सरकेल एवढीच. मिस्तरी सरकला. पाइपाला पाना लावला आणि वर बघितलं, तर डोक्यावरून एक पाकट चाललं होतं. पाकटाचं तोंड पोटाकडच्या बाजूला असतं. वर दोन नाकपुड्या, त्यांच्याखाली रुंद वाकडं तोंड. खालून बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी चादरीतून तोंड काढून हसतंय. गळती अर्ध्या तासात निघाली. मिस्तरी दोन तास खालीच होता. तीस वर्षांत खालून बघितलेल्या गोष्टींपैकी त्याच्याकडे बघून हसलेली ती पहिलीच.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा बायकोनं आधी त्याचं डोकं चाचपून बघितलं, पाइप-बिइप पडला का म्हणून.

तो पाकट विकत घ्यायला गेला तेव्हा शोभेच्या माशांच्या दुकानदारानं त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, टाकी जेवढी तेवढाच मासा वाढतो. दोन, मिस्तरी, तुम्ही तर पाण्यातलेच माणूस, तुम्हाला काय अवघड. पहिली गोष्ट धादांत खोटी होती हे रुमालानं सहा महिन्यांत सिद्ध केलं. दुसरीवर मिस्तरीचा विश्वास बसला, आणि तिनंच घात केला.

टाकी आठ फूट लांब, तीन फूट रुंद. ती मागच्या खोलीशिवाय कुठे मावेना. मागची खोली म्हणजे बायकोची शिवणाची खोली. तिचं कापायचं मोठं टेबल बाहेर आलं, जेवणघरात भिंतीला उभं राहिलं, आणि तेव्हापासून ती वॉचमनचे कोट आणि शाळांचे गणवेश जेवायच्या टेबलावर कापायची. रोज आधी टेबल पुसायचं, मग कापड, मग कापड उचलायचं, मग जेवण. तिनं सहा महिने म्हणून खोली दिली होती. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला, ती आठवड्याला फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, “बाबा, रुमाल कसा आहे?” आई कशी आहे हे तिसरं यायचं. आईनं हे मोजून ठेवलं होतं.

आणि पाण्यातल्या माणसाला पाण्यानंच जेरीस आणलं. आधी त्यानं तळाला छान रंगीत खडी घातली, तर रुमालाच्या पोटाला ओरखडे उठले. पाकट पोटावर झोपतं, त्याला पिठासारखी बारीक वाळू लागते. खडी उपसली, वाळू घातली. मग रुमाल हीटरला चिकटून झोपला आणि अंगावर इस्त्रीसारखा चट्टा उठला. हीटरभोवती जाळी केली. मग अमोनिया. पाकट खातं तेही दांडगं आणि घाण करतं तीही दांडगी, त्यामुळे फिल्टर दुप्पट, मग तिप्पट. गाळलेलं पाणी पिंपात घ्यायचं, त्यात मीठ घालायचं, खारटपणा मोजायचा, दिवसभर घुसळत ठेवायचं, मग टाकीत. दर रविवारी. लोकांकडे रविवारी पाहुणे यायचे, मिस्तरीकडे पिंपं. कात्री गंजली, दाराच्या बिजागऱ्या गंजल्या, शिवणयंत्राच्या सुईलाही एकदा तांबूस ठिपका आला. ती सुई बायकोनं काढून त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली.

तरीही सव्वा वर्ष रुमाल जेवत होता. चिमटा पाण्यात गेला की वाळू झटकून उठायचा, काचेवर पोट टेकवून वर सरकायचा, आणि ते वाकडं हसू मिस्तरीच्या नाकासमोर यायचं. त्या एका गोष्टीसाठी मिस्तरीनं बाकीचं सगळं गिळलं.

मग प्लॅस्टिकचा कॉक फुटला.

टाकीतून फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपावर दुकानदारानं प्लॅस्टिकचा कॉक बसवला होता. मिस्तरीनं तेव्हाच नाक मुरडलं होतं. त्याच्या बापानं जन्मात प्लॅस्टिकला हात लावला नाही आणि त्यानं स्वतःही, गिऱ्हाइकानं हट्ट धरल्याशिवाय, लावला नाही. तर एका दुपारी, घरात कुणी नसताना, त्या कॉकला चीर गेली आणि खारं पाणी खोलीभर झालं, भिंतीत मुरलं, आणि पलीकडे शेजारच्या मास्तरांच्या भिंतीवर पांढरं मीठ फुललं. रंगाचे पापुद्रे सुटले. मास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती तरी आवाज वर्गातलाच होता. त्यांनी गल्लीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “मिस्तरी, तुमच्याच घरी गळतंय होय? एखादा चांगला नळवाला सुचवू का?”

तीस वर्षांत एवढं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. मिस्तरी त्याच संध्याकाळी माळ्यावर चढला आणि बापाची पेटी काढली. पेटीत फडक्यात गुंडाळलेला एक पितळी कॉक होता. ओतीव, मुठीएवढा, हातात घेतला की मनगट खाली जावं असा. बापानं तो एका पाडलेल्या जुन्या बंगल्यातून आणला होता आणि योग्य जागा सापडेपर्यंत ठेवला होता. बापाला जागा सापडली नाही. मिस्तरीला सापडली. आट्यांना सफेदा, त्यावर सुतळी, बापानं शिकवलं तसे उजवीकडून वेढे, आणि शेवटचा अर्धा आटा जीव लावून. थेंब नाही. मास्तरांना मुद्दाम घरात बोलावून दाखवलं. मास्तरांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले, “हं. हे काम दिसतंय.”

त्या दिवसापासून मिस्तरी दर रविवारी, पिंपांचं झालं की, पांढऱ्या टॉवेलाच्या तुकड्यानं तो कॉक घासून लख्ख करायचा. सगळ्या त्या डोक्याला ताप देणाऱ्या खोलीत ती एकच वस्तू त्याचं ऐकत होती.

दोन आठवड्यांनी टाकीतल्या गोगलगायी मेल्या. काच साफ करायला सोडलेल्या पाच गोगलगायी, आठवड्याभरात एकेक करून वाळूत उताण्या. मिस्तरी दुकानदारावर घसरला की आजारी माल दिला. दुकानदारानं तीन नव्या दिल्या, त्याही गेल्या. मग रुमाल कोळंबी तोंडात धरून सोडून द्यायला लागला. मग धरेचना. मिस्तरीनं पुढचे एकोणीस दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या.

दुकानदार फोनवर रोज नवा उपाय सांगायचा. कोळंबी नको, माकूळ द्या. माकूळ नको, जिवंत झिंगे सोडा. झिंगे सोडले, तर तेच दुसऱ्या दिवशी आडवे झाले. लसणाच्या रसात बुडवून द्या. मिस्तरीनं लसूण कुटला, बायको म्हणाली घरच्या भाजीला कधी कुटला नाहीत. दिवा कमी करा. दिवा कमी केला. गडबड करू नका, त्याला शांतता लागते. म्हणजे शिवणयंत्र बंद, असं मिस्तरी चाचरत म्हणाला तेव्हा बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं वाक्य अर्ध्यात सोडून दिलं.

पाणी तो दिवसाआड तपासायचा. एका डब्यात काचेच्या नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या होत्या. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग आला की छापील पट्टीशी जुळवायचा. रंगांच्या बाबतीत मिस्तरी आंधळा. पिवळा आणि पोपटी त्याला सारखेच. म्हणून तो नळी घेऊन जेवणघरात यायचा आणि बायको यंत्रावरून मान न उचलता सांगायची, लिंबू, किंचित पोपटी झाक. म्हणजे अमोनिया नाही. दुसरी नळी. फिकट आभाळी. तेही ठीक. सगळं ठीक. प्रत्येक वेळी सगळं ठीक निघायचं, आणि मिस्तरीला वाटायचं की एखादं तरी वाईट निघावं, म्हणजे त्याच्या मानगुटीवर बसता येईल. त्यानं फिल्टर उघडून धुतला. पंप खोलला. हीटर बदलला. पाइप काढून पुन्हा बसवले. टाकीभोवतीची एकूण एक गोष्ट त्यानं संशयानं हातात घेऊन बघितली. एक सोडून.

एकोणिसाव्या दिवशी रुमाल वाळूत नीट दडलासुद्धा नाही. शेपटीच्या बुडाशी दोन हाडं वर आली होती, बसलेल्या गादीतून स्प्रिंगा दिसाव्यात तशी. मिस्तरीनं कॅलेंडरवर फुली मारली, आणि पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत मारत राहिला.

बायको दारात उभी होती. तिच्या एका हातात पांढऱ्या टॉवेलाचा तुकडा होता, दुसऱ्या हातात दुरुस्तीला आलेला वॉचमनचा जुना कोट.

“हा डाग कशाचा आहे?” तिनं विचारलं.

तो म्हणाला, असेल कसलातरी, आत्ता टॉवेलाचं काय घेऊन बसलीस.

“दोनदा उकळला, जात नाही. हिरवा आहे. आता हे बघा.” तिनं कोट उलटा करून धरला. प्रत्येक पितळी बटणाच्या मागे कापडावर हिरवं वर्तुळ होतं, अगदी टॉवेलावर होतं त्याच रंगाचं. “घामाच्या कोटांना येतं हे. छातीच्या बटणांना जास्त, बाहीच्या बटणांना कमी. घामात मीठ असतं. मीठ पितळेला खातं आणि ते कापडात उतरतं. वीस वर्षं मी हे डाग काढतेय. तुमच्या टाकीत तर घामाच्या कितीतरी पट मीठ.”

 मिस्तरीला राग आला, आणि तो तिच्यावर निघाला. बटणं म्हणजे पत्रा, वर नुसता मुलामा. हा कॉक ओतीव आहे. शंभर वर्षं पाण्यात राहिला असेल, याला काही होत नाही. आणि शिवणाचं तिला कळतं तेवढं तिनं बोलावं, नळाचं तो बघेल. त्याच्या बापाच्या वस्तूला या घरात नावं ठेवलेली त्याला चालणार नाहीत.

ऐकता ऐकता तिनं कोटाची घडी घातली.

“बाबांना मी कुठे काय म्हणतेय,” ती म्हणाली. “ते मला लेकीसारखं वागवायचे. पण त्यांनी जन्मभर गोड्या पाण्याचं काम केलं. मिठाच्या पाण्याला त्यांनी हा कॉक लावला असता का, एवढंच सांगा.”

मिस्तरीनं पिशवी उचलली आणि तो कामावर गेला. कुणाच्या तरी बेसिनखाली तो पाठीवर झोपला होता, तोंडावर गार थेंब पडत होता, आणि पाना हातात तसाच होता. बाप कुठल्याही कामाला गेला की हत्यारं खाली ठेवायच्या आधी दारातच विचारायचा: पाणी कसलं? विहिरीचं, टाकीचं, गरम, गार, जड? उत्तर मिळाल्याशिवाय पिशवी उघडायचा नाही. लोक कंटाळायचे. मिस्तरी स्वतः गिऱ्हाइकाला हेच विचारत आला होता, तीस वर्षं. फक्त स्वतःच्या घरी विचारलं नव्हतं, कारण तिथे बापाचा कॉक लावायची घाई झाली होती आणि मास्तरांना दाखवायचा होता.

तो थेंब तसाच ठेवून, गिऱ्हाइकाला उद्या येतो म्हणून, तो घरी आला. टाकीतलं पाणी बाटलीत भरलं. बायकोला म्हणाला, चल. कुठे म्हणून तिनं विचारलं नाही, नुसती कात्री बाजूला ठेवली.

मत्स्यालयात पाण्याची तपासणी करणारी एक बाई होती, पांढरा डगला, गुडघ्यापर्यंत बूट. तिनं बाटली घेतली, मागच्या खोलीत नेली आणि नळीत थेंब टाकले. मिस्तरीच्या डब्यात नव्हती तसली बाटली होती ती. हे थेंब कशाचे, त्यानं विचारलं. तांब्याचे, बाई म्हणाली. तांबं पाण्यात नसणारच असं धरून लोक ते तपासतच नाहीत. नळीत रंग चढायला लागला. बाई पट्टी शोधत होती तोवर मिस्तरीच्या बायकोनं नळी उजेडाकडे धरली.

“मोरपंखी नाही,” ती म्हणाली, “पण त्याच्या जरा अलीकडचा.”

बाईनं पट्टी लावली. मग नळी खाली ठेवली आणि विचारलं की टाकीला कुठे तांबं, पितळ काही आहे का. मिस्तरी जमिनीकडे बघत होता.  बायकोला आत्ता बोलता आलं असतं, आणि तिनं बोलावं असंच त्याला वाटत होतं, म्हणजे भांडता आलं असतं. शेवटी त्यालाच सांगावं लागलं, पितळेत तांबंच जास्त असतं, आणि एक पितळी कॉक आहे, मीच बसवलाय.

बाई रागावली नाही, तेच वाईट. ती म्हणाली, गोगलगायींना तांबं सगळ्यात आधी मारतं, झिंग्यांनाही, आणि पाकटांनाही अजिबात सोसत नाही. हळूहळू चढतं. कॉक काढून उपयोग नाही असं नाही, पण वाळूनंही तांबं पिऊन ठेवलंय, ती आता महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडत राहणार. सगळं उपसून, नवी वाळू, नवं पाणी, टाकी मुरवायला कित्येक आठवडे. तेवढे दिवस त्याच्याकडे नाहीत. मग तिनं विचारलं की तो केवढा झालाय. मिस्तरीनं दोन्ही हात पसरून दाखवलं. आणि टाकीची रुंदी? तीन फूट, तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला दिसलं की गेले दोन-तीन महिने रुमाल वळताना कडा काचेला घासून वळायचा. ते त्यानं रोज बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

“आजच आणा,” बाई म्हणाली. “आमच्याकडे वेगळी टाकी रिकामी आहे. जगला तर इथेच राहील. परत नाही मिळणार, हे आधी सांगते.”

दोघं घरी आले. मिस्तरीनं आधी कॉक काढला. पाना लावला, जोर केला, बापाच्या पद्धतीची सुतळी होती, सहजासहजी सुटेना, त्यानं सगळ्या जगाला शिव्या दिल्या, आणि सुटला. बाहेरून आरशासारखा लख्ख होता. आत बोट घातलं तर बोट हिरवं निघालं, आणि आतली भिंत उंदरानं कुरतडल्यासारखी. तीस वर्षं खालून घरं बघणाऱ्या माणसानं हा एक जिन्नस फक्त वरूनच बघितला होता.

मग काट्याचा प्रश्न आला. पाकट पकडताना शेपटी फिरवतं, काटा लागला तर माणूस गुरासारखा ओरडतो. बाईनं सांगितलं होतं की काट्यावर नळीचा तुकडा चढवा, म्हणजे जाळ्यात अडकणार नाही आणि तुम्हालाही लागणार नाही. मिस्तरीनं पिशवीतून प्लॅस्टिकचा मऊ पाइप काढला. काट्याची जाडी नजरेनं घेतली, तुकडा कापला, कडा पॉलिश पेपरनं गोल केली, पुन्हा बघितली, पुन्हा घासली. प्लॅस्टिकवर एवढी मेहनत त्यानं आयुष्यात घेतली नव्हती. जाड हातमोजे चढवून बायकोनं रुमालाला जाळीनं कोपऱ्यात धरलं. एरवी त्यानं खोली डोक्यावर घेतली असती. आज नुसता पडून राहिला, आणि पाइपाचा तुकडा काट्यावर पहिल्याच खेपेला बसला. दोघांनाही त्याचा आनंद झाला नाही.

गाडीत मागे टब, टबात मत्स्यालयातून भरून आणलेलं पाणी, पाण्यात हवेची नळी. बायको टबाला दोन्ही हातांनी धरून मागे बसली. वळणावर पाणी हिंदकळलं की ती पुढे ओरडायची, “मिस्तरी, हळू.” संपूर्ण रस्ताभर ती तेवढंच बोलली. उतरताना तिचा पुढचा सगळा ड्रेस खाऱ्या पाण्यानं ओला झाला होता.

चार दिवस फोन आला नाही. मिस्तरीनं रिकामी टाकी उपसली, वाळूची पोती भरली, काचा पुसल्या. मुलीचा फोन आला, तिनं नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, आणि त्यानं फोन आईकडे दिला. आईनं बाजूला जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक. पण कॉकचं काय झालं हे मुलीनं पुढे कधी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बाईचा फोन आला. खाल्लं, ती म्हणाली. काय, किती, त्यानं विचारलं. दोन कोळंब्या. आमच्या माणसानं हातानं दिल्या.  एकोणीस दिवस त्यानं लसूण कुटला होता, दिवे मालवले होते, काचेला नाक लावून उभा होता, आणि कुठल्या तरी परक्या माणसाच्या हातून यानं पाच दिवसांत खाल्लं. बरं, ठीक आहे, असं काहीतरी तो म्हणाला, फोन ठेवला, आणि ओट्यापाशी जाऊन नळ सोडून तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

टेबल मागच्या खोलीत परत गेलं. त्यासाठी टाकी मास्तरांच्या मदतीनं बाहेर काढावी लागली, आणि मास्तरांनी त्या दिवशी कुठलाही विनोद केला नाही, फक्त त्यांच्या भिंतीचा रंग कधी होणार एवढं विचारलं. खोलीला मिठाचा वास राहिला तो राहिलाच. कॉक मिस्तरीनं भंगाराच्या डब्यात टाकला होता. दोन दिवसांनी तो बायकोच्या टेबलावर दिसला. तिनं कापडावर कागदी नमुना पसरला होता आणि नमुना हलू नये म्हणून कोपऱ्यावर वजन ठेवलं होतं, ते वजन म्हणजे कॉक. खाली फडक्याचा तुकडा, डाग पडू नये म्हणून. त्यानं बघितलं. तिनं खडूची रेघ मारता मारता सांगितलं की आजवर इस्त्री ठेवायचे, ती घसरायची, हा बरा जागचा हलत नाही.

दीड महिन्यानं मिस्तरी मत्स्यालयात गेला. कुणी बोलावलं नव्हतं. पिशवी खांद्याला होती, त्यामुळे दारावर कुणी विचारलंही नाही. रुमालाला आता काचेच्या तळाच्या त्या मोठ्या टाकीत सोडलं होतं. मिस्तरी खाली सरकला, पाठीवर पडला, आणि पिशवीतून उगाच एक पाना काढून हातात धरला. दोन पाकटं गेली, ती त्याची नव्हती. मग तिसरं आलं. शेपटीच्या बुडाशी हाडं दिसत नव्हती. काटा उघडा होता. रुमाल टाकीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत कुठेही न घासता आला, मिस्तरीच्या तोंडावरून गेला, थांबला नाही, आणि परत वळायला त्याला आख्खी टाकी मोकळी होती.

पोकळीच्या तोंडाशी गुडघ्यापर्यंतचे बूट येऊन उभे राहिले.

“मिस्तरी,” बाई वाकून म्हणाली, “इथे काही गळत नाहीये.”

“बघतोय,” तो आतून म्हणाला. “बघितल्याशिवाय कसं कळणार.”